मेडिकलमधली दम्याची गोळी, लेकराचा मेंदू आणि औषध निरीक्षकांच्या रिकाम्या खुर्च्या

दिवाळी झाली की वऱ्हाडात कापसाचा हंगाम जोरात असतो. अकोला-अमरावतीकडच्या जिनिंगसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. सकाळी गारठा, दुपारी ऊन आणि हवेत धूळ. याच दिवसांत घराघरात लहान मुलांचा खोकला सुरू होतो. रात्री छाती वाजते, लेकरू उठून बसतं, आईची झोप उडते. सकाळी घरातलं कुणीतरी जवळच्या मेडिकलवर जातं आणि म्हणतं, "भाऊ, पोराले खोकला हाय, एखांदी चांगली दवाई द्या."

काउंटरवरून एक पट्टी किंवा बाटली येते. पैसे दिले जातात. चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही.

अशा वेळी अनेकदा हाती येणाऱ्या औषधांत एक नाव असतं मॉन्टेलुकास्ट. हे औषध दम्यासाठी आहे, अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठीही वापरलं जातं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. त्याच्या मेंदूवरच्या परिणामांबद्दल अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापला जातो.

मग हे औषध चिठ्ठीशिवाय विकलं जात नाही ना, हे बघायचं काम कुणाचं? कायद्याचं उत्तर आहे, औषध निरीक्षकाचं. पण हे निरीक्षक आहेत किती? त्यांच्याकडे काम किती? आणि त्याचा तुमच्या घरातल्या लेकराच्या झोपेशी, अभ्यासाशी काय संबंध? एक एक मुद्दा समजून घेऊ.

दमा छातीत, मग मेंदूचा विषय कुठून आला?

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली सूज. नळ्या आकसतात, चिकट द्रव साचतो, हवा आत-बाहेर जायला त्रास होतो. आपल्याकडे 'दमा' हा शब्द उच्चारायलाही लोक कचरतात. 'बाळदमा आहे, मोठं झालं की जाईल' किंवा 'अ‍ॅलर्जी आहे' असं म्हणून वेळ मारून नेली जाते. पण आजार छोटा नाही. २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे साधारण ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते. जगातल्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के रुग्ण भारतात, पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू भारतात. म्हणजे रुग्णांच्या मानाने मृत्यू कितीतरी जास्त. उपचार वेळेवर आणि नीट मिळत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

आता मेंदूकडे येऊ. गेल्या काही वर्षांत संशोधक दम्याकडे फक्त फुफ्फुसाचा आजार म्हणून पाहत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक जुने अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दमा असलेल्यांची आकलन आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतली कामगिरी सरासरीने थोडी कमी दिसली आणि दमा जितका तीव्र तितका हा फरक जास्त होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. त्यात दमा असलेल्या आणि नसलेल्या मिळून २,०६२ मुलांची माहिती तपासली गेली. घडलेली गोष्ट तपशिलासह आठवण्याच्या चाचणीत दमा असलेल्या मुलांचे गुण दमा नसलेल्या मुलांपेक्षा कमी होते. ज्यांना दमा लहान वयातच सुरू झाला, त्यांच्या स्मरणशक्तीची वाढही संथ दिसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. दमा असलेलं प्रत्येक मूल अभ्यासात मागे पडतं, असं यातून अजिबात निघत नाही. असं का होत असावं, याचे काही अंदाज आहेत. रात्रीच्या खोकल्याने झोप मोडते, शरीरातली सूज मेंदूपर्यंत परिणाम करू शकते, मोठ्या झटक्यात प्राणवायू कमी पडतो, शाळा बुडते. आणि एक अंदाज औषधांचाही आहे. एक मात्र नक्की, दमा काबूत असेल तर झोप नीट होते, शाळा बुडत नाही. म्हणून योग्य औषध योग्य मात्रेत मिळणं हा फक्त छातीचा प्रश्न राहत नाही.

मॉन्टेलुकास्टचं प्रकरण काय आहे?

हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये बाजारात आलं. शरीरात ल्युकोट्रिन नावाची द्रव्यं श्वासनलिका सुजवतात, त्यांना हे औषध अडवतं. गोळी किंवा सिरप असल्यामुळे मुलांना द्यायला सोपं. भारतात ते बऱ्याचदा अ‍ॅलर्जीच्या दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत मिळतं आणि लोक त्याला सरळ 'सर्दीची गोळी' म्हणतात.

४ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. घाबरवणारी स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा, नैराश्य, झोप न लागणं, लक्ष आणि स्मरणाच्या तक्रारी आणि काहींमध्ये आत्महत्येचे विचार असे परिणाम नोंदले गेले होते. सौम्य त्रास असेल, विशेषतः नुसती अ‍ॅलर्जीची सर्दी असेल, तर आधी दुसरे उपाय करा, असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. ब्रिटनच्या नियामकानेही २०२४ मध्ये डॉक्टरांना आणि पालकांना याची पुन्हा आठवण करून दिली. त्याच वर्षी अमेरिकी नियामकाच्या शास्त्रज्ञांनी एका परिषदेत सांगितलं, की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हे औषध मेंदूतल्या काही महत्त्वाच्या ग्राहींना चिकटताना दिसलं.

याचा अर्थ औषध विषारी आहे, असा नाही. लाखो लोक ते घेतात, बहुतेकांना असा त्रास होत नाही आणि काही रुग्णांना त्याचा खरंच उपयोग होतो. पण हे औषध कुणाला द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि लेकरू रात्री किंचाळत उठायला लागलं तर काय करायचं, हे सांगणारं कुणीतरी हवं. ते सांगणारा म्हणजे डॉक्टर. चिठ्ठीचा नियम नेमका याच कामासाठी आहे. चिठ्ठी गेली की इशाराही गेला. मग मुलाची चिडचिड वाढली तर घरचे म्हणतात 'मोबाइलने बिघडलं' आणि गोळी तशीच सुरू राहते.

स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही असंच. दम्याच्या मोठ्या झटक्यात त्या जीव वाचवतात. पण 'मागच्या वेळी या गोळीने लगेच बरं वाटलं होतं' म्हणून त्या महिनोन् महिने घेतल्या तर झोप, मनःस्थिती, साखर, हाडं, सगळ्यावर परिणाम होतो.

गंमत अशी, की जो उपाय सर्वांत सुरक्षित त्याचीच भीती सर्वांत जास्त. 'पंप सुरू केला की सवय लागते' हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. प्रत्यक्षात सालब्युटामॉलच्या पंपाचे दोन झोत म्हणजे साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध. त्याच औषधाची २ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे २,००० मायक्रोग्रॅम. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून कमी लागतं, गोळीतलं रक्तावाटे सगळीकडे फिरतं. मात्र नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दमा सांभाळू नका, सोबत सूज कमी करणारं औषध हवं, असं दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून सांगतात. हेही शेवटी डॉक्टरच ठरवणार.

मेडिकल तपासतं कोण?

औषधांचा मूळ कायदा १९४० चा, त्याचे नियम १९४५ चे. औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यातून येतं. हे सगळं प्रत्यक्षात पाळलं जातं का, हे बघायला राज्यात अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए आहे. अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात.

दुकानात प्रत्यक्ष जातो तो औषध निरीक्षक. त्याने आपल्या भागातलं प्रत्येक परवानाधारक दुकान वर्षातून किमान एकदा तपासावं, असं नियम सांगतो. तपासणी म्हणजे दारातून डोकावणं नव्हे. फार्मासिस्ट हजर आहे का, खरेदीची बिलं आहेत का, फ्रिजचं तापमान ठीक आहे का, मुदत संपलेला माल वेगळा ठेवलाय का, चिठ्ठीवरच्या औषधांच्या नोंदी आहेत का, हे सगळं पाहायचं. संशय आला तर नमुना घ्यायचा, तो कायद्याप्रमाणे सील करायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. अहवाल वाईट आला तर कोर्टात खटला उभा करायचा आणि तारखांना हजर राहायचं. शिवाय परवान्याच्या अर्जांसाठी जागेची पाहणी, रक्तपेढ्या, आलेल्या तक्रारी हेही त्याच्याच गळ्यात.

गणित मांडून बघू

किती दुकानांमागे एक निरीक्षक असावा? २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात प्रमाण सांगितलं होतं, २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक आणि ५० उत्पादन कारखान्यांमागे एक.

आता साधा हिशोब करू. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सुट्ट्या वजा केल्या तर वर्षात साधारण २३५ कामाचे दिवस उरतात. एका दुकानाच्या नीट तपासणीला प्रवासासह अर्धा दिवस धरू. २०० दुकानांसाठी १०० दिवस लागतील. उरलेले १३५ दिवस नमुने, कोर्ट, परवाने आणि तक्रारींसाठी. म्हणजे माशेलकर समितीचं प्रमाण पाळलं तर काम जमतं.

पण जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याच माणसाकडे ६०० दुकानं आली तर? नुसत्या तपासणीलाच ३०० दिवस लागतील. वर्षात तेवढे कामाचे दिवसच नाहीत. मग तपासणी कागदावर उरते किंवा तक्रार आली तरच होते.

वऱ्हाडात यात अंतराची भर पडते. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत, अकोल्यात ७. अमरावती शहरातून मेळघाटातल्या धारणीला जायचं तर घाटरस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. तिथे गेला की माणसाचा दिवस संपला. आणि जिथे डॉक्टर लांब असतो तिथेच लोक मेडिकलवर सर्वांत जास्त अवलंबून असतात.

राज्यात टंचाई किती आहे, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. २०२५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने औषध निरीक्षकांच्या तब्बल १०९ जागांसाठी जाहिरात काढली. जाहिरात, परीक्षा, मुलाखत, निकाल, नेमणूक, प्रशिक्षण असा हा लांबचा रस्ता आहे. तोवर दुकानं मात्र रोज उघडतात.

तपासणी उशिरा झाली तर काय होतं?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून एफडीएने मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे नमुने घेतले. ते मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले. अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. गोळ्यांमध्ये औषधच नव्हतं. त्यानंतर नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून अशाच २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. पाकिटावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचं नाव होतं, ती कंपनीच अस्तित्वात नसल्याचं समोर आलं.

म्हणजे निरीक्षकाने नमुना घेतला म्हणून बनावट औषध सापडलं. पण नमुना आणि अहवाल यांच्यामध्ये नऊ महिने गेले.

दुसरं प्रकरण २०२५ चं, सीमेपलीकडच्या छिंदवाड्याचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं किडनी निकामी होऊन दगावू लागली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. २० पेक्षा जास्त मुलांचा जीव गेला. सिरप तामिळनाडूत बनलं होतं. मध्य प्रदेशचं पत्र मिळाल्यावर तिथल्या यंत्रणेने कारखान्यावर जाऊन नमुने घेतले आणि दोन दिवसांत निकाल दिला. सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यांत वापरलं जाणारं विषारी रसायन आहे. महाराष्ट्राच्या एफडीएनेही लगेच एसआर-१३ या बॅचबद्दल इशारा दिला. वरुडकडच्या लोकांना हे प्रकरण परकं नव्हतं, कारण पांढुर्णा-छिंदवाड्याकडची ये-जा त्यांच्या रोजच्या व्यवहारातली आहे.

त्या कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. इतक्या त्रुटी एका रात्रीत तयार होत नाहीत. म्हणजे मनात आणलं तर अहवाल दोन दिवसांत येतो, पण नियमित तपासणी झाली असती तर तो अहवाल मुलं गेल्यावर मागवावा लागला नसता.

बनावट औषधांबद्दल घबराट मात्र नको. केंद्र सरकारच्या २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात सुमारे ४७ हजार नमुने तपासले गेले. त्यात ३.१६ टक्के कमी दर्जाचे आणि ०.०२४५ टक्के बनावट निघाले. पण सरकारी पुरवठ्यातून घेतलेल्या नमुन्यांत कमी दर्जाचं प्रमाण सुमारे १० टक्के होतं. अमरावतीच्या इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला येणारा माणूस सरकारी औषधावरच अवलंबून असतो. म्हणून निरीक्षकाची गरज सर्वांत जास्त त्यालाच आहे.

नुसती भरती केली की झालं?

नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. तेव्हाही विष तेच होतं, डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि खुद्द एफडीएच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे माणसं असली तरी ती काय करतात, हे लोकांना दिसलं पाहिजे.

मेडिकलवाल्यांचीही एक बाजू आहे. अनेक गावांत रात्री-अपरात्री उघडं असतं ते मेडिकलच. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. नियम सगळ्यांना सारखा लागला तरच प्रामाणिक दुकानदार टिकतो आणि नियम सगळ्यांना सारखा लावायला तपासणारा माणूस लागतो. त्यामुळे निरीक्षकांची भरती चांगल्या दुकानदाराच्याही फायद्याचीच आहे.

तालुक्यात यंदा किती दुकानं तपासली, किती नमुने घेतले, किती अहवाल किती दिवसांत आले, ही माहिती जिल्हानिहाय दर महिन्याला लोकांसमोर ठेवली तर 'निरीक्षक येऊन गेला' या वाक्याला काही अर्थ येईल.

तोवर तुमच्या हातात काय आहे?

मुलाला मॉन्टेलुकास्ट सुरू असेल तर वाचून घाबरून ते आपल्या मनाने बंद करू नका. झोप, वागणं, स्वप्नं यांत बदल दिसला तर लगेच डॉक्टरांना सांगा. स्वतःला इजा करण्याची भाषा कानावर आली तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

जुन्या चिठ्ठीवर किंवा शेजाऱ्याच्या अनुभवावर दम्याचं औषध आणू नका. सर्दीच्या सिरपबाबतही जपून. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं आहे. कोल्ड्रिफ याच मिश्रणाचं सिरप होतं.

बिल मागा. बिलावर बॅच नंबर असतो, तोच पुढे पुरावा ठरतो. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड किंवा बारकोड बंधनकारक आहे, तो मोबाइलने तपासता येतो.

औषधाचा दुष्परिणाम वाटला तर राष्ट्रीय क्रमांक १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं. दुकानाबद्दल किंवा औषधाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, १९४० च्या कायद्याच्या कलम २६ नुसार कुणीही सामान्य माणूस ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेलं औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो.

जाता जाता एक आठवण. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. वऱ्हाडात ठरवलं तर काम किती वेगाने होतं, हे सगळ्या देशाने पाहिलं. त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना रोज शेकडो मेडिकल उघडतात आणि त्यांच्या काउंटरवर कुणीतरी आपल्या लेकरासाठी खोकल्याचं औषध मागत असतं. ते औषध चिठ्ठीवर दिलं जातंय का आणि ते खरं आहे का, हे बघायला येणाऱ्या माणसाची नेमणूक व्हायला मात्र अजून वर्षं लागतात.